काटकोन त्रिकोणात साइन, कोसाइन की टॅन, हे कसे ठरवायचे?

आपण विचारले आहे की तिन्ही गुणोत्तरांची सूत्रे पाठ असूनही उदाहरण समोर आले की त्यांपैकी कोणते वापरावे हे कळत नाही आणि उत्तर चुकते. माझ्या मते अडचण सूत्रांत नसून बाजूंना नावे देण्यात आहे. कर्ण ही काटकोनासमोरची बाजू असल्यामुळे तो कधीच बदलत नाही. परंतु ‘संमुख’ (म्हणजे समोरची) आणि ‘लगतची’ ही नावे बाजूंना आपण निवडलेल्या लघुकोनाच्या नात्याने मिळतात, म्हणून एका लघुकोनाची संमुख बाजू ही दुसऱ्याची लगतची बाजू असते. यासाठी मी ज्या कोनाशी काम आहे तेथे आधी पेन्सिलीने लहानसा कंस काढतो आणि मगच बाजूंवर नावे लिहितो.

त्यानंतर दिलेली बाजू आणि काढायची बाजू यांची जोडी कोणती, एवढेच पाहायचे असते. संमुख बाजू व कर्ण असतील तर साइन, लगतची बाजू व कर्ण असतील तर कोसाइन, आणि कर्णाचा संबंधच नसेल तर टॅन. समजा, कर्ण 12 सेमी आणि एक लघुकोन 35 अंशांचा आहे. 35 अंशांचा साइन 0.5736 आणि कोसाइन 0.8192 असल्याने संमुख बाजू 12 × 0.5736, म्हणजे सुमारे 6.88 सेमी, आणि लगतची बाजू 12 × 0.8192, म्हणजे सुमारे 9.83 सेमी येते; तिसरा कोन अर्थातच 55 अंशांचा. या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज 143.96 भरते, ती 144 च्या इतकी जवळ आहे की उरलेला फरक केवळ दशांश तोडल्याचा आहे.

खरी फसगत होते ती अज्ञात बाजू छेदात आली की. संमुख बाजू 7 सेमी आणि कोन 40 अंश असताना कर्ण काढायचा असेल, तर 7 ला 0.6428 ने, म्हणजे 40 अंशांच्या साइनने, भागावे लागते आणि उत्तर 10.89 सेमी येते. सवयीने गुणाकार केला, तर 4.50 सेमी मिळतात. पण कर्ण सर्वांत मोठी बाजू असल्यामुळे तो 7 पेक्षा लहान असूच शकत नाही. एवढे एक वाक्य मनाशी म्हटले तरी निम्म्या चुका वहीतच सापडतात, असा माझा अनुभव आहे.

कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला आहे ना, हेही आधी पाहावे. 30 चा साइन 0.5 ऐवजी उणे 0.988 दाखवला जात असेल, तर यंत्र रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात, आहे.

दोन बाजू माहीत असून कोन हवा असेल, तर हाच रस्ता उलट चालायचा. संमुख बाजू 5 आणि लगतची 8 असल्यास टॅन 0.625 आहे आणि व्यस्त फलाने, म्हणजे गुणोत्तरावरून कोन सांगणाऱ्या फलाने, कोन सुमारे 32 अंश मिळतो. मात्र व्यस्त फल म्हणजे 1 ला 0.625 ने भागणे नव्हे. तसे केले तर 1.6 हे दुसरेच गुणोत्तर हाती येते.

कोन 90 अंशांच्या जवळचा असेल, तर तो साइनवरून काढणे मी टाळतो. 88 अंशांचा साइन 0.9994 आहे आणि 89 अंशांचा 0.9998, त्यामुळे बाजू मोजताना झालेली किरकोळ चूकही कोन एखाद्या अंशाने सरकवते. त्याच दोन कोनांचे टॅन मात्र 28.64 आणि 57.29 आहेत, म्हणून दोन्ही काटकोनी बाजू मोजता येत असतील, तर तेथे टॅनच घ्यावा.