पाच वर्षं दूध-दही सोडल्यावर माझ्या पायांना काय झालं

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवरा-बायको तीन वर्षांपासून दूध, दही, तूपसुद्धा सोडून पूर्ण वनस्पतीजन्य आहारावर आहात. काही त्रास नाही, हिमोग्लोबिनही नॉर्मल आहे. पुढे खरंच काही होतं का, हे ज्यांनी बरीच वर्षं केलंय त्यांनी सांगावं, असं तुमचं म्हणणं आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, पत्नीला चौथा महिना सुरू असल्याचं लिहिलंय.

त्या शेवटच्या ओळीचं आधी सांगते. पत्नीच्या रक्तातलं बी-१२ याच आठवड्यात तपासून घ्या. का, ते खाली येईलच.

मी जळगावात राहते, माहेर यावल तालुक्यातलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मांस-मासे आमच्याकडे पहिल्यापासून नाहीत. सासरे माळकरी, मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जाणारे. २०१४ मध्ये मी एका निसर्गोपचार शिबिराला गेले. वजन वाढलेलं होतं, आणि त्याआधीची चार-पाच वर्षं मी रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होते. शिबिरात सांगितलं, दूध वासराचं, माणसाचं नाही. मला ते पटलं, आणि खरं सांगायचं तर आजही पटतं. पाडव्यापासून दूध, दही, ताक, तूप सगळं बंद केलं.

पहिली तीन वर्षं इतकी छान गेली की मी भेटेल त्याला सांगत सुटले. नऊ किलो वजन उतरलं, अ‍ॅसिडिटीची गोळी सुटली, जिने चढताना धाप लागेना. जेवणात कमी काही नव्हतंच. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेली, उडदाची डाळ, मेथी, शेपू, शेंगदाणे, तिळाची चटणी, हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत. वरण-बट्टी व्हायची तेव्हा सगळ्यांच्या बट्टीवर तूप आणि माझी वरणात कुस्करलेली. प्रोटीन कमी पडेल असं म्हणणाऱ्यांना मी कळण्याची भाकरी दाखवायचे, आणि ते बरोबरच होतं. धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं, आपल्या बायकांनी ती जोडी कधीच लावून ठेवली आहे.

पण माझ्या आजीच्या ताटाशेजारी ताकाचा तांब्या असायचा, आणि तो मी उचलून ठेवला होता. बी-१२ ना कुठल्या भाजीत आहे, ना डाळीत, ना फळात. ते फक्त जिवाणू तयार करतात. गाईच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू ते बनवतात आणि तिथून ते दुधात येतं. माणसाच्या मोठ्या आतड्यातही ते तयार होतं, शिबिरात हेच सांगून आम्हाला निर्धास्त केलं होतं. पण आपलं शरीर ते शोषतं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या अलीकडे. तयार होतं ते त्या जागेच्या पुढे, आणि पुढचं मागे येत नाही. स्पिरुलिनाचंही तसंच. त्यातलं बहुतेक बी-१२ सारखं दिसतं, पण शरीराला कामाला येत नाही.

मग तीन वर्षं मला काहीच कसं झालं नाही? यकृतात साठा असतो. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आणि साठा त्याच्या हजारपट, दोन ते पाच मिलिग्रॅम. त्यामुळे भरलेला साठा संपायला तीन-चार वर्षं सहज लागतात. मी जिला या आहाराची ताकद समजत होते, ती बऱ्याच अंशी जुन्या ताक-दह्याची शिल्लक होती. तुमचं तिसरं वर्ष चालू आहे, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय. आणि माझी शिल्लक तर आधीच कमी असणार, कारण अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं आणि मी ते आम्ल वर्षानुवर्षं गोळीने दाबत होते. साखरेच्या आजारावरची मेटफॉर्मिनची गोळीही बी-१२ नीट शोषू देत नाही.

२०१८ च्या सुरुवातीला थकवा सुरू झाला. चौथा तास संपेपर्यंत उभं राहवेना. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ झालं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही.

त्याच सहा महिन्यांत पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी फक्त रात्री, मग दिवसाही. तळव्याखाली कापूस ठेवून चालतेय असं वाटायचं. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली, ठेच्याचा नुसता कण लागला तरी डोळ्यांतून पाणी. बोटांची पेरं काळी पडली, ती मी खडूची आणि भांड्यांच्या साबणाची समजले. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, भिंत धरावी लागायची. एका डॉक्टरांनी मानेचे मणके सांगितले, पट्टा दिला. दुसरीकडे ताकदीच्या सलाइन लावल्या. मी काय खाते हे दोन्हीकडे कोणी विचारलं नाही. आणि हिमोग्लोबिन चांगलं आलंय म्हटल्यावर मीही सांगितलं नाही.

२०१९ च्या आखाजीला माहेरी गेले. अंगणातल्या निंबाला दरवर्षीसारखा झोका बांधलेला. भाच्या हट्टाला पेटल्या म्हणून बसले, दोन-चार झोके घेतले. उतरायला पाय खाली सोडला आणि जमिनीला टेकला की नाही तेच कळेना. खाली बघितलं तर पाय टेकलेला होता, पायातली चप्पल मात्र मागे हातभर अंतरावर पडलेली. ती कधी निसटली त्याचा पत्ता नव्हता. एप्रिल-मे मधली आमच्याकडची दुपार, माती तव्यासारखी तापलेली, आणि मी तिच्यावर अनवाणी उभी होते. आई ओरडली, ‘‘ओ माय, पाय भाजतील ना तुझे!’’ तिचं ओरडणं ऐकून मी बाजूला झाले, चटका बसला म्हणून नाही.

मग जळगावात एका फिजिशियनकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, काय खाता. मी सगळं सांगितलं. त्यांनी ट्यूनिंग फोर्क काढला, शाळेत आपण नादकाटा म्हणतो तो. ध्वनीचा धडा शिकवताना मी तो कितीदा वाजवला असेल. त्यांनी तो वाजवून माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला. काही नाही. नडगीवर टेकवला. काही नाही. गुडघ्यावर आला तेव्हा कुठे थरथर जाणवली. मला तिथेच रडू फुटलं.

रिपोर्ट आला. बी-१२ ९८ पिकोग्रॅम (२०० च्या खाली कमतरता धरतात), फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ११ आणि व्हिटॅमिन डी ९, तीही दोन्ही कमीच. आणि लाल पेशींचा सरासरी आकार, ज्याला एमसीव्ही म्हणतात, तो ८९, म्हणजे पुस्तकाप्रमाणे अगदी नॉर्मल.

हा नॉर्मल आकडाच फसवतो, तेव्हा इथे थोडं थांबा. बी-१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान होतात. माझ्यासारख्या, पाळी चालू असलेल्या बाईला बऱ्याचदा दोन्ही कमी असतं. काही पेशी मोठ्या, काही लहान, सरासरी बरोबर मधे. वर मी जे फॉलिक अ‍ॅसिड घेत होते, त्याने रक्ताची बाजू सावरून धरली आणि हिमोग्लोबिन वाढवलं. पण नसांवरचं आवरण टिकवायला बी-१२ च लागतं, तिथे फॉलिक अ‍ॅसिडचा उपयोग होत नाही. रक्त सुधारत होतं तेव्हाच नसा जात होत्या. डाळी आणि पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांच्या अंगात फोलेट तसंही चांगलं असतं, म्हणून आपल्यासारख्यांचं हिमोग्लोबिन शेवटपर्यंत बरं दिसू शकतं. तुमचा नॉर्मल रिपोर्ट कशाचा होता, एवढं नीट बघा. नुसत्या हिमोग्लोबिनचा असेल तर त्यावरून बी-१२ बद्दल काहीच कळत नाही.

हे फक्त माझ्यापुरतं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं, आणि शाकाहारी माणसांमध्ये ते कमी असण्याचा धोका इतरांच्या चौपटीहून जास्त होता. हे तर दूध पिणाऱ्यांच्या महाराष्ट्रातलं. आपण ते दूधही काढून टाकलं.

उपचार म्हणजे इंजेक्शनं, १००० मायक्रोग्रॅमची, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. जीभ पंधरा दिवसांत सुधारली. मुंग्या पहिल्या महिन्यात उलट वाढल्या, मी घाबरले. चालण्यातला तोल यायला सात-आठ महिने गेले. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर उशीर झाला असता तर काठी लागली असती.

बाकीचं थोडक्यात. लोहाचा प्रश्न आहारापेक्षा माझ्या सवयीमुळे जास्त होता. जेवण झालं की लगेच चहा, काळा का असेना. चहातलं टॅनिन भाजी-धान्यातलं लोह धरून ठेवतं. आता जेवणावर लिंबू पिळते आणि चहा दीड-दोन तासांनी घेते. व्हिटॅमिन डी ९ आलं तेव्हा माझा विश्वासच बसेना, आमच्याकडे ऊन ४५ अंशांपर्यंत जातं. पण त्या उन्हात आम्ही बायका डोळे सोडून सगळं अंग स्कार्फ आणि सनकोटात गुंडाळून फिरतो, मग कुठून मिळणार? कॅल्शियमकडे मात्र लक्ष द्या. इंग्लंडमध्ये सुमारे ५५ हजार लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०२० मध्ये जो अभ्यास आला, त्यात पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांस खाणाऱ्यांच्या २.३ पट होतं. तीळ, नाचणी, राजगिरा रोज काही ना काही पोटात जाऊ द्या. आणि शिबिरवाल्यांच्या सांगण्यावरून तुम्हीही सगळं मीठ बदलून सैंधव केलं असेल, तर आयोडीनयुक्त मीठ परत आणा. दूध गेलं की आयोडीनचा तोही रस्ता बंद झालेला असतो.

मी परत दूध सुरू केलं का, हे तुम्ही विचारणारच. नाही केलं. या आहाराने माझं वजन आणि पोट सुधारलं हे खोटं नव्हतं, आणि वासराचं म्हणणंही मला सोडवत नाही. फक्त बी-१२ ची गोळी चुकवत नाही. शरीर नेहमीच्या वाटेने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेऊ शकतं आणि उरलेल्यातला शंभरातला एखादा भाग नुसता झिरपून आत जातो, म्हणून गोळी ५०० किंवा १००० ची असते, आकडा बघून दचकू नका. ती गोळीही जिवाणूंपासूनच बनते, तिच्यासाठी गाय लागत नाही. माळकरी किंवा महानुभाव घरातले काही जण कॅप्सूलच्या जिलेटिनमुळे नको म्हणतात. त्यांनी दुकानदाराकडे साधी, जिभेखाली ठेवायची गोळी मागावी, मिळते. ज्यांना रोज गोळी घेणं होणार नाही त्यांनी सरळ ताक-दही परत सुरू करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पायांना मुंग्या सुरू झालेल्या असतील तर गोळीवर भागवू नका, इंजेक्शनाचं डॉक्टरांना विचारा.

आता पत्नीचं. चौथ्या महिन्यात त्यांना लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू झालेली असेल. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती बंद करू नका, बाळासाठी ती हवीच. पण तिने हिमोग्लोबिन वाढेल आणि बी-१२ ची कमतरता झाकली जाईल, अगदी माझ्यासारखी. आईच्या अंगात नसेल तर पोटातल्या बाळाला साठा मिळत नाही आणि नंतर अंगावरच्या दुधातूनही मिळत नाही. अशी बाळं सहा-आठ महिन्यांची होईपर्यंत सुस्त होतात, धरलेली मान सोडतात, हसायची थांबतात, हातपाय थरथरतात. याज्ञिकांच्या गटानेच पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांच्या मुलांना पुढे सहाव्या वर्षी तपासलं होतं. ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्शुलिन सगळ्यात कमी जुमानलं जात होतं, म्हणजे पुढच्या मधुमेहाची सुरुवात तिथे दिसत होती.

तेव्हा लॅबमध्ये दोघांचंही रक्त द्या: बी-१२, सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी), फेरिटिन, व्हिटॅमिन डी. पैशांची ओढाताण असेल तर तुमचं पुढच्या महिन्यात करा, त्यांचं आत्ता. बाळंतपणाच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा की तीन वर्षं दूधही बंद आहे. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणालात तर ते दूध-दही चालू आहे असं धरून चालतील. रिपोर्ट आला की इथेच आकडे लिहा, मी बघते.