पोरगा नुसता नकाशाच बघत बसतो

"मॅडम, चार महिने झाले पुस्तक आणून. पहिलं प्रकरणसुद्धा संपलेलं नाही. उघडतो, नकाशा काढतो, चित्रं चाळतो, मिटून ठेवतो. मी विचारलं तर म्हणतो, वाचतोय की!"

पाचवीतला मुलगा, वय साडेदहा, इंग्रजी माध्यम, घरी मराठी. धाकटी बहीण त्याला 'दादा' म्हणते, तेव्हा इथेही दादाच म्हणू. पुस्तक टोल्किनचं 'द हॉबिट', ड्रॅगन आणि खजिन्याची इंग्रजी साहसकथा. आईची तक्रार तीच, जी या वयाच्या मुलांच्या आयांकडून वारंवार ऐकू येते: मुलगा चित्रं बघतो, वाचत नाही. हा आळस म्हणायचा, की त्याला वाचताच येत नाही?

उपाय सुचवण्याआधी दुसऱ्या शंकेचा निकाल लावावा लागतो. त्यासाठी अर्धा तास पुरतो. दुसऱ्या प्रकरणातला साधारण शंभर शब्दांचा उतारा दादाला मोठ्याने वाचायला दिला आणि अडखळलेले, चुकलेले शब्द मोजले. आठ निघाले. ढोबळ हिशेब असा: शंभरात पाचपर्यंत चुका झाल्या तर मूल ते पुस्तक बहुधा एकट्याने वाचू शकतं, पाच ते दहा असतील तर सोबत कुणीतरी हवं, आणि दहाच्या वर गेल्या तर तूर्त ते पुस्तक त्याच्या हातात देऊ नये. मग पुढचं पान त्याला वाचून दाखवलं आणि गप्पांच्या ओघात चार-पाच गोष्टी काढून घेतल्या. त्याला सगळं कळलं होतं. गोष्टीतले तिन्ही ट्रोल (धिप्पाड राक्षस) कशावरून भांडत होते तेसुद्धा. शाळेचं इंग्रजीचं पुस्तक तो न अडखळता वाचत होता.

याउलट ऐकलेलं सगळं समजतं, पण शाळेच्या पुस्तकातही अक्षरं गाळली जातात, ओळ सुटते, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिला जातो, असं दिसलं असतं तर गोष्टीचं पुस्तक बाजूला ठेवून अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवली असती. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि ती वेळेत ओळखली गेली तर मुलाचे बरेच हाल वाचतात. दादाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. पुस्तक त्याला एकट्याला थोडं जड होतं, एवढंच.

मग अडत कुठे होतं? आईला घरची पद्धत सविस्तर सांगायला लावली, तेव्हा उलगडा झाला. जेवण झाल्यावर दादाने वाचायला बसायचं. अडलेला शब्द पेन्सिलने अधोरेखित करायचा, डिक्शनरीत बघायचा, अर्थ वहीत लिहायचा. पान संपलं की आई तीन प्रश्न विचारणार. आणि हे सगळं पहिल्या प्रकरणावर! हे प्रकरण मोठ्याने वाचलं तर जवळपास तासभर चालतं, त्यात तेरा बुटके एकामागून एक दारात येतात, प्रत्येकाचं नाव वेगळं, टोपडी रंगीबेरंगी. कथेला खरा वेग येतो तो पुढच्या प्रकरणात. म्हणजे पुस्तकातला सगळ्यात संथ भाग आणि त्यावर रोजची तोंडी परीक्षा. अशा वेळी पोरगा नकाशात जाऊन बसला तर नवल नाही. पुस्तकात तेवढी एकच जागा उरली होती, जिथे त्याला कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

आईला सुचवलेला पहिला बदल तिला मुळीच पटला नाही: पहिलं प्रकरण वाचायचंच नाही. ते दहा मिनिटांत मराठीत सांगून टाकायचं. बिल्बो नावाचा घरकोंबडा, जादूगार गँडाल्फ, डोंगरातला खजिना, त्यावर बसलेला स्मॉग ड्रॅगन, आणि तेरा बुटके. तेरांपैकी पाचच नावं लक्षात राहिली तरी पुरे: म्होरक्या थोरिन, म्हातारा बालिन, जोडगोळी फिली-किली आणि जाड्या बॉम्बर. बाकीचे 'आणि मंडळी'. "पण ते फसवल्यासारखं नाही का होणार?" आईने विचारलं. नाही होणार. आजी रामायण सांगते तेव्हा कुठे वंशावळीपासून सुरुवात करते?

दुसरा बदल, वाचायचं आईने. दादाने शेजारी बसायचं आणि पुस्तक दोघांच्या मध्ये, चित्र दिसेल असं. "माझं इंग्रजी काही तसलं नाही हो," आई म्हणाली. उच्चार चुकले तर चुकू द्यावेत. मुलं ते आनंदाने दुरुस्त करतात, आणि दुरुस्त करायचं म्हणजे ओळीवर डोळा ठेवावाच लागतो. बोलणं मराठीतच करायचं. डिक्शनरी बंद. अडलेल्या शब्दाचा अर्थ आईनेच वाक्याच्या ओघात दोन शब्दांत सांगायचा आणि पुढे जायचं. तिला माहीत नसेल तर "काहीतरी शस्त्र असावं" एवढ्यावरही भागतं. एका पानावर दोनपेक्षा जास्त वेळा थांबलात की गोष्ट तुटते.

वेळेचा हिशेबही मांडून दिला, कारण 'रोज एक प्रकरण' हा संकल्प चार दिवसांत मोडतो. प्रकरणं एकोणीस आहेत आणि त्यांची लांबी सारखी नाही. सलग वाचलं तर साधारण अकरा तास लागतात. थांबत, गप्पा मारत पंधरा धरा. रोज वीस मिनिटं आणि आठवड्यातून पाच दिवस म्हणजे नऊ आठवडे. शनिवार-रविवार सुट्टी. वीस मिनिटं झाली की प्रसंग अर्धा असला तरी पुस्तक मिटायचं. अपवाद आठव्या प्रकरणाचा. त्यात अंधाऱ्या जंगलात प्रचंड कोळी बुटक्यांना जाळ्यांत गुंडाळून टांगून ठेवतात. ते टांगलेले असताना दिवा घालवला तर मूल रात्री आईच्या अंथरुणात येणार हे नक्की. हा भाग संध्याकाळी, उजेडात घ्यावा आणि सुटका होईपर्यंत सोडू नये, चाळीस मिनिटं लागली तरी.

आता चित्रांबद्दल. तक्रारीचं मूळ तेच होतं आणि दादा त्या बाबतीत आईच्या पुढे होता. या पुस्तकातले नकाशे आणि पहिल्या आवृत्तीतली चित्रं लेखकाने स्वतः काढलेली आहेत. 1937च्या त्या आवृत्तीत दहा काळी-पांढरी चित्रं आणि दोन नकाशे होते. पुढे अ‍ॅलन ली (1997) आणि जेमिमा कॅटलिन (2013) यांची चित्रं असलेल्या आवृत्त्याही आल्या. नकाशा इथे शोभेला नाही, कथेतच लोकांच्या हातात फिरतो. त्यात पूर्व दिशा वरच्या बाजूला आहे, त्यामुळे उत्तर डावीकडे येते. शाळेच्या अ‍ॅटलासची सवय झालेलं मूल इथे हमखास गोंधळतं. दादाने ते आधीच शोधून काढलं होतं, पण कुणी विचारलंच नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं.

नकाशाच्या कडेला एक हात बोट दाखवतो आणि त्याच्या जवळ काटेरी लिपीत मजकूर आहे. त्या लिपीचा आयता तक्ता पुस्तकात नाही. पहिल्या प्रकरणात गँडाल्फ तो मजकूर इंग्रजीत वाचून दाखवतो. ते वाक्य शोधायचं, नकाशातल्या खुणांखाली अक्षर अक्षर मांडायचं आणि लिपी स्वतःच सोडवायची. घरी करायला दादाला हेच काम दिलं. सोबत रफ वही आणि पेन्सिल, वेळेचं बंधन नाही.

पुढच्या भेटीला आई ती वही घेऊन आली. डोंगरातल्या गुप्त दाराबद्दलचं दहा शब्दांचं वाक्य: दार पाच फूट उंच, तीन जण शेजारी-शेजारी चालू शकतील. खुणांच्या खाली बारीक अक्षरात इंग्रजी, बरीच खाडाखोड. दोन इंग्रजी अक्षरांच्या TH ला एकच खूण, हे बघून दादा आईला म्हणाला होता, "अगं, हा तर आपल्या थ सारखाच!" FIVE मधल्या V ची खूण त्याने तक्त्यात लिहून ठेवली. आठवड्याभराने तिसऱ्या प्रकरणात चांदण्यात दिसणारी अक्षरं आली, तर तीच खूण SUN मध्ये U म्हणून हजर. आधी त्याला वाटलं, लेखकाचीच चूक. मग लक्षात आलं की त्या लिपीत U आणि V ला एकच खूण आहे. ही नोंद त्याने वहीत लाल पेनाने केली आहे, दोनदा चौकट करून.

जो मुलगा दहा मिनिटं पुस्तक घेऊन बसत नव्हता, तो या दहा शब्दांवर पावणेदोन तास बसला. आईने घड्याळ लावलं होतं. सवय एकदम जात नाही.

नंतर टेप आणून घराच्या दाराच्या चौकटीवर खडूने पाच फुटांची खूण झाली. दादा ताठ गेला, बाबांना वाकावं लागलं. ड्रॅगनला ते गुप्त दार का वापरता येत नाही, ते वेगळं समजवावं लागलं नाही. 'आकलन' तपासायचंच असेल तर ते असं तपासावं. पान संपल्यावरचे तीन प्रश्न बंद झाले. त्यांच्या जागी रोज एकच गोष्ट: कालच्या जागेपासून आज मंडळी कुठवर आली, ते नकाशावर बोट ठेवून दाखवायचं. काटेरी लिपीवाला नकाशा, म्हणजे थोरिनच्या आजोबांचा, थोररचा, फक्त डोंगराच्या आसपासचा आहे, प्रवासासाठी दुसरा, वाइल्डरलँड या मुलखाचा घ्यायचा. त्याची झेरॉक्स भिंतीवर लावली की धाकटी बहीणही टाचणी सरकवायला येते.

पाचव्या प्रकरणात बिल्बो आणि गुहेत राहणारा विचित्र प्राणी गॉलम अंधारात एकमेकांना कोडी घालतात. हे प्रकरण मराठी घरात फार छान रंगतं. बिजागरी नाही, किल्ली नाही, झाकण नाही, आत सोनं, म्हणजे अंडं. त्यावर आजीने 'एवढंसं पोर, सगळं घर राखतं' घातलं (कुलूप), आणि त्या दिवशी वाचन दोन पानांवरच थांबलं. थांबू द्यावं.

मोडतोडही झाली. चौथ्या आठवड्यात आईने दहावं प्रकरण दादाला "आता तू वाच" म्हणून दिलं आणि दोन दिवस पुस्तक कुणी उघडलंच नाही. वाटणी हळूहळू करावी: आधी एकाच पात्राचे संवाद मुलाकडे, मग दोन पात्रांचे, मग अर्धं पान. दादाने स्मॉग मागून घेतला. त्याचे लांबलचक, गर्विष्ठ संवाद तो उशीवर बसून वाचायचा, कारण खाली खजिना असतो.

शेवटाकडे आईचा फोन आला. अठराव्या प्रकरणात थोरिन मरतो, फिली-किलीही जातात. दादाचे आजोबा वर्षभरापूर्वी गेलेले. "एवढं गाळू का?" गाळू नका. मुलाला पुढेमागे कळतंच आणि मग आई काय काय गाळते याचा तो शोध घेत बसतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी वाचा, वाचून झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नका आणि 'तुला कसं वाटलं' असं विचारू नका. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारलं की थोरिनने बिल्बोची क्षमा मागितली, तशी आजोबांनी काकांची मागितली होती का. आईला उत्तर माहीत नव्हतं आणि तिने तसंच सांगितलं.

नऊचे अकरा आठवडे लागले. बाबांनी उत्साहाने लगेच पुढची जाडजूड त्रिखंडी कादंबरी, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', मागवली. ती वरच्या फळीवर ठेवायला सांगितली आहे, आठवी-नववीपर्यंत. वयाचे शिक्के फार मनावर घेऊ नयेत, हेही खरं. 'हॉबिट'चं हस्तलिखित 1936 मध्ये प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला एक शिलिंग देऊन वाचायला दिलं, तर त्याने पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल असा शेरा मारला होता! पण ते तीन खंड वेगळ्याच जातीचे आहेत.

दादा सध्या तेच पुस्तक पुन्हा वाचतोय, या वेळी एकटा आणि स्वतःच्या क्रमाने: आधी कोडी, मग ड्रॅगन, मग कोळी. पहिलं प्रकरण मात्र, गँडाल्फ नकाशा वाचतो ते अर्धं पान सोडलं तर, त्याने अजून वाचलेलं नाही.