जे माप आले, तेच लिहावे

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. तुझ्या आधी पास होऊन कंपनीत लागलेले मित्र सांगतात की पदविकेच्या तीन वर्षांत शिकलेले तिथे काहीच लागत नाही, सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांचा, सहा आठवड्यांचा क्लास केला असता तरी भागले असते. मग ही तीन वर्षे आणि त्यांच्यासाठी वडिलांनी काढलेले कर्ज कशासाठी, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न उद्धट नाही. ज्याच्या घरात पगाराची वाट पाहिली जाते, त्याने तो विचारलाच पाहिजे, आणि ‘शिक्षण हे केवळ पोटासाठी नसते’ असे सांगून त्याची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही. शिक्षण पोटासाठीही असतेच. मात्र ते पोटाच्या उपयोगी नेमके कसे पडते, याविषयी तुझ्या मित्रांचा समज अपुरा आहे, असे मला वाटते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगतो. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, 60 मिलिमीटर व्यासाच्या पोलादी शाफ्टचे, म्हणजे गोल दांड्याचे, काम माझ्याकडे होते. बेअरिंग बसते त्या जागेचा व्यास 60.002 ते 60.021 मिलिमीटर यांच्या दरम्यान हवा होता. मे महिना होता, कापताना धातू थंड ठेवणाऱ्या कूलंटचा पंप बंद पडलेला होता आणि माल त्याच दिवशी द्यायचा म्हणून मी शेवटचा कट कोरडाच घेतला. जॉब, म्हणजे हातातला नग, मशीनवर असतानाच मायक्रोमीटर हे बारीक माप घेण्याचे साधन लावला, 60.012 आले, समाधानाने ते तक्त्यात लिहिले आणि अशा रीतीने बारा शाफ्ट पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीत बाराच्या बारा शाफ्ट 59.99 च्या आसपास भरले. माझा मायक्रोमीटर बिघडला असावा, असे मी सांगून पाहिले. आमचे मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी एक शाफ्ट उचलून बाहेर अंगणात उन्हात ठेवला, माझ्याकडून चहा मागवला आणि तासाभराने तोच शाफ्ट फडक्यात धरून मला पुन्हा मोजायला लावला. माप वाढलेले होते.

धातू तापला की प्रसरण पावतो, हे मी शाळेत शिकलो होतो. तापवलेला गोळा कडीतून जात नाही, हा प्रयोग आमच्या गुरुजींनी करून दाखवला होता आणि परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाने तापला तर साधारण 12 मायक्रॉनने, म्हणजे 0.012 मिलिमीटरने, वाढतो. या हिशेबाने 60 मिलिमीटरचा शाफ्ट 30 अंशांनी तापला, तर तो जवळजवळ 0.02 मिलिमीटर फुगतो, म्हणजे मला दिलेली सगळी सूट तेवढ्यातच संपते. हे गणित सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही. मला ते येत होते, पण लेथपुढे उभे असताना ते आठवले नाही, कारण वर्गात शिकलेली गोष्ट आणि हातातले काम यांचा संबंध लावण्याची सवय मला कोणी लावली नव्हती आणि मीही लावून घेतली नव्हती.

आता तुझ्या मित्रांच्या म्हणण्याकडे वळतो. सहा आठवड्यांच्या क्लासमध्ये जी-कोड, म्हणजे मशीनला सूचना देण्याची भाषा, शिकवतील, कोणते बटण केव्हा दाबायचे तेही शिकवतील, आणि ते उपयोगाचेच आहे. पदविका पूर्ण झाल्यावर तू तो क्लास अवश्य कर. परंतु सकाळी बरोबर येणारे माप दुपारी का सरकते, बारीक जॉबवर थरथरीच्या रेघा का उमटतात, टूल नवे असूनही फिनिश का येत नाही, याचे उत्तर कोणत्याही बटणात नसते. मी कामाला लागलो तेव्हा हाताच्या दांड्यांनी चालणारे कॅपस्टन लेथ चालवणाऱ्यांना मोठा मान होता. पुढे सीएनसी आले, तेव्हा त्यांच्यातल्या ज्यांना ड्रॉइंग वाचता येत होते आणि टेपरचा, म्हणजे निमुळत्या भागाचा, कोन त्रिकोणमितीने काढता येत होता, ते नव्या मशीनवर काही महिन्यांत रुळले. ज्यांचे सगळे कसब एका मशीनच्या दांड्यांशी बांधलेले होते, त्यांचे हाल मी पाहिले आहेत, आणि ती माणसे हुशारीत कोणापेक्षाही कमी नव्हती.

तरीही शिक्षणसंस्थांची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. तुझी तक्रार जिथे खरी आहे, ती जागा तू पत्रात ओझरती लिहून पुढे गेला आहेस: जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही. प्रयोग न करता मागच्या वर्षीच्या वहीतून रीडिंग उतरवायची, आलेख आधी काढायचा आणि बिंदू नंतर मांडायचे, सबमिशनच्या आठवड्यात रात्रभर बसून वह्या भरायच्या आणि सकाळी सही घ्यायची. सगळेच करतात, असे तू म्हणतोस. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते. न केलेल्या प्रयोगाचे रीडिंग लिहिण्याची ज्याला तीन वर्षे सवय लागली, तो कारखान्यात न मोजलेल्या जॉबचे मापही तपासणीच्या तक्त्यात सहज लिहितो. दर तासाला पाच नग मोजायचे असताना पाळी संपताना एकदम सगळा तक्ता भरणारी मुले मी पाहिली आहेत, आणि हे ती कारखान्यात येण्याआधीच शिकून आलेली होती. तोच शाफ्ट पुढे एखाद्या गाडीत बसतो आणि त्या गाडीत कोणाचे तरी कुटुंब बसते.

मी शिल्पनिदेशक, म्हणजे मुलांना हातकाम शिकवणारा शिक्षक, झालो, तेव्हा फिटरच्या मुलांना पहिले काही आठवडे कानशीने लोखंडाचा ठोकळा सपाट करायला देत असे. मुले कंटाळत. मशीनवर दोन मिनिटांत होणारे काम हाताने कशाला, असे विचारत. ठोकळ्यावर गुण्या ठेवायचा आणि दोन्ही उजेडासमोर धरायचे; जिथून प्रकाशाची रेघ दिसेल, तिथे पृष्ठभाग खोलगट आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक जण ठोकळा माझ्याकडे आणून ‘सर, झाला का?’ असे विचारी. ज्या दिवशी तो स्वतःच उजेडासमोर धरून, मान हलवून, न विचारता पुन्हा ठोकळा पकडणाऱ्या व्हाइसकडे जाई, त्या दिवशी तो कामाला लागण्यायोग्य झाला, असे मी समजत असे. शिक्षणाने कामाच्या जगासाठी आपली तयारी करावी म्हणजे काय, याचा मला कळलेला अर्थ इतकाच आहे.

काम आणि शिक्षण एकमेकांपासून तोडू नयेत, हे आपल्याकडे काही नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट गरिबांच्या मुलांसाठी खुली केली. त्या मुलांचे श्रम म्हणजे केवळ फीची सोय नव्हती, ते त्यांच्या शिक्षणाचेच अंग होते. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती अशी गावाच्या गरजेची खरी कामे करता करता विज्ञान शिकली. खऱ्या कामात चूक झाली तर ती समोर दिसते आणि दुरुस्तही करावी लागते. वहीतली चूक मात्र सहीखाली झाकली जाते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना कारागिरांसोबत घालवण्याची सूचना आहे. सूचना चांगली आहे, परंतु दहा दिवसांत काम पाहून होते, शिकून होत नाही.

तुझ्यापुढे आता काही महिने उरले आहेत. उरलेले सर्व प्रयोग तू स्वतः कर, आणि रीडिंग पुस्तकाशी जुळले नाही तर जे आले तेच लिहून का जुळले नसावे याच्या दोन ओळी खाली लिही. त्यासाठी गुण कापले गेले तर जाऊ देत. परीक्षेनंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली वर्षभराची उमेदवारी मिळत असेल, तर ती घे. विद्यावेतन पगारापेक्षा कमी असेल, म्हणून आधी वडिलांशी बसून कर्जाच्या हप्त्याचा हिशेब कर. एकाच मशीनवर माल चढवायला-उतरवायला वर्षभर ठेवू लागले, तर तपासणी विभागात आणि हत्यारे बनवणाऱ्या टूलरूममध्ये काही आठवडे मिळावेत अशी लेखी विनंती कर. आदराने मागितले तर बहुतेक ठिकाणी देतात.

सुटीत इकडे आलास की जर्नल बरोबर आण. माझ्याकडे जुना मायक्रोमीटर आणि त्या बारांपैकी एक शाफ्ट अजून आहे. सकाळी थंड असताना एकदा आणि दुपारी उन्हात ठेवून एकदा, असे दोन्ही वेळा तूच मोज.

वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझा शुभचिंतक