फाउंड्रीतल्या नेटवर्कसाठी केबल आणि कनेक्टर कोणते घ्यावेत?

तुम्ही विचारलंय ते असं: बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आहे, इंडक्शन फर्नेस चढली की एनर्जी मीटर आणि ड्राइव्हचं (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचं) मॉडबस रीडिंग, म्हणजे आरएस-४८५ च्या वायरींवरून येणारे आकडे, अधूनमधून जातं. शिवाय १४० मीटरवरच्या नव्या मशीन शेडपर्यंत पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) इथरनेट न्यायचंय. केबल आणि कनेक्टर कोणते घ्यावेत?

आधी शेडचं सांगतो, कारण तिथे चूक झाली तर खर्च मोठा. दोन शेडमध्ये तांब्याची केबल टाकूच नका. इथरनेटची मर्यादा १०० मीटर आहेच, पण मध्ये स्विच घालून अंतर तोडलं तरी खरा धोका तसाच राहतो. दोन्ही शेडचं अर्थिंग वेगळं. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो, तो करंट केबलमधून जातो आणि पीएलसीचा पोर्ट उडतो. इथे फायबरच, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबलच हवी.

मी ६ कोरची आर्मर्ड (वरून कवच असलेली) सिंगल मोड, म्हणजे बारीक गाभ्याची फायबर घ्या म्हणेन. अंतराच्या मानाने मल्टिमोडही चालली असती, पण सिंगल मोडचं स्प्लायसिंग (फायबरचा सांधा) गावातला कुठलाही ब्रॉडबँडवाला करून देतो. कामाला २ कोर लागतात, बाकीचे राखीव. आर्मर स्टीलचं असेल तर ते एकाच शेडमध्ये अर्थ करा, नाहीतर तेच आर्मर दोन अर्थिंग जोडून टाकतं. आणि पिगटेलवर, म्हणजे फायबरच्या टोकाला सांधायच्या कनेक्टरवाल्या तुकड्यावर लक्ष ठेवा. ब्रॉडबँडवाले सवयीने हिरव्या कनेक्टरचे आणतात, त्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. मीडिया कन्व्हर्टरला (फायबर आणि तांब्याचं इथरनेट जोडणाऱ्या डब्याला) निळा, म्हणजे सरळ टोकाचा यूपीसी लागतो. हिरवा आत बसतो, पण टोकं नीट भिडत नाहीत आणि लिंक कधी येते, कधी जाते. दोन्ही टोकांचे कन्व्हर्टरही सिंगल मोडचेच हवेत.

आता मॉडबस. नवी केबल आणण्याआधी सगळ्यांचं पॉवर बंद करून ए आणि बी या डेटाच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे टर्मिनेशन (लाइनच्या टोकाला लावायचे रेझिस्टर) बरोबर आहेत. १२० आला तर एकच आहे. ४० आला तर मध्ये कुठल्यातरी ड्राइव्हचा टर्मिनेशन स्विच चालू राहिलाय. लाइन एका मीटरमधून पुढच्या मीटरमध्ये अशीच गेली पाहिजे. पॅनलमधल्या एका कनेक्टरवरून चारी दिशांना फाटे काढले असतील तर कितीही महाग केबल आणा, त्रास राहणार.

केबल मात्र १२० ओहम इम्पिडन्सचीच (हा सिग्नलला होणारा केबलचा विरोध, मल्टिमीटरने मोजता येत नाही), पीळ असलेली, फॉइल आणि जाळी दोन्ही असलेली घ्या. कंट्रोल वायरिंगची शील्डेड दोन कोर दिसायला तशीच असते, पण तिचा इम्पिडन्स कुणी सांगत नाही. एक जोडी डेटाला आणि तिसरी वायर कॉमनला, म्हणजे सगळ्या उपकरणांच्या सिग्नलचा शून्य एक ठेवायला हवी. ही तिसरी वायर आपल्याकडे सर्रास सोडली जाते, आणि मग दोन पॅनलमधल्या व्होल्टेजच्या फरकाने रीडिंग जातं.

फर्नेसचं चुंबकीय क्षेत्र ॲल्युमिनियमचं फॉइल अडवत नाही. त्याच्यावर उपाय म्हणजे वायरींचा पीळ आणि अंतर. म्हणून टर्मिनलपाशी पीळ एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. पॉवर केबलपासून किमान २०० मिलिमीटर लांब, वेगळ्या ट्रेमधून न्या. फर्नेसच्या बसबार आणि वॉटर कूल्ड केबलपासून तर जेवढं लांब जमेल तेवढं. ओलांडायचंच असेल तर काटकोनात. जवळून जाणं टळत नसेल तर तेवढ्या भागात जीआय पाइप घाला. पीव्हीसी पाइप फक्त मार लागू देत नाही, नॉइजला त्याचा उपयोग नाही. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणारी केबलही शील्डेड असावी, कारण नॉइजचं मोठं मूळ तिथेच असतं.

मॉडबसचं शील्ड मुख्य पॅनलमध्ये एकाच टोकाला अर्थ करा, पण प्रत्येक मीटरपाशी पुढे जोडत न्या. शेपटीसारखी लांब वायर काढून अर्थ न करता जाळी धातूच्या क्लॅम्पखाली सगळीकडून दाबा. मीटरच्या एका टर्मिनलमध्ये दोन वायरी येतात, तिथे दोन वायर एकत्र बसणारी पिन लग क्रिंप करा. नुसत्या पिळून घातलेल्या वायरींची एखादी तार सुटली की फॉल्ट सापडता सापडत नाही. मॉडबसचा वेग (बॉड रेट) ९६०० ठेवा, मीटरच्या रीडिंगला तो पुरतो. कुठे प्रोफिबस (मॉडबससारखंच दुसरं इंडस्ट्रियल नेटवर्क) असेल तर त्याची जांभळी केबल १५० ओहमची असते, ती यात मिसळू नका.

नव्या शेडमध्ये पॅनलच्या आत धातूचं कवच असलेले आरजे-४५ चालतील. मशीनवर, जिथे वाळू आणि कूलंट उडतं, तिथे एम-१२ (आट्याचा गोल कनेक्टर) घ्या. १०० एमबीपीएसला डी कोड, गिगाबिटला एक्स कोड. हे एकमेकांत बसत नाहीत, म्हणून मशीनच्या मॅन्युअलमध्ये आधी बघा. आयपी-६७ हे धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण पूर्ण आवळलेल्या कनेक्टरलाच असतं, आणि रिकाम्या पोर्टांना टोप्या हव्यात. ड्रॅग चेनमधली (मशीनबरोबर हलणाऱ्या साखळीतली) केबल मल्टिस्ट्रँड, पीयूआर (पॉलियुरेथेन) आवरणाची घ्या. साधं पीव्हीसी तेलाने कडक होऊन तडकतं. हिरव्या इंडस्ट्रियल इथरनेट केबलची २२ गेजची वायर साध्या आरजे-४५ प्लगमध्ये शिरत नाही, तिचा प्लग वेगळा मागवावा लागतो. चार वायरींची केबल गिगाबिटला चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

ऑफिससाठी कॅट-५ई चा खोका घेणार असाल तर ३०५ मीटरच्या पूर्ण खोक्यातल्या एका वायरीचा रेझिस्टन्स मोजा. २४ गेजचं खरं तांबं २६ ते २८ ओहम दाखवतं. ४० च्या वर गेला तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा.

ऑर्डरवर नुसतं ‘शील्डेड केबल’ लिहू नका. ‘आरएस-४८५ साठी, १२० ओहम, २२ किंवा २४ गेज टिन्ड तांबं, एक जोडी अधिक एक वायर, फॉइल आणि जाळी’ असं लिहा आणि डेटाशीट मागा. डेटाशीटमध्ये इम्पिडन्सचा आकडा नसेल तर ती केबल या कामाला घेऊ नका.