राजकीय वादात समोरचा मत मांडतोय की तथ्य सांगतोय, हे कसं ओळखायचं?

निवडणुकीच्या गप्पांत मत आणि तथ्य यांचा गोंधळ नेहमी होतो. मी पुण्याचा, म्हणून इथे वर्षानुवर्षं चाललेला बालभारती–पौड फाटा रस्त्याचा वाद घेतो.

लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी कमी व्हावी म्हणून वेताळ टेकडीच्या कडेने नवा रस्ता काढायचा, असा महापालिकेचा प्रस्ताव आहे. हे तथ्य, कागदावर सापडतं. ‘वेताळ टेकडीला हात लावता कामा नये’ हे मत. ते मोजून खोटं पाडता येत नाही, कारण टेकडी मोठी की प्रवासातला वेळ, हा ज्याच्या त्याच्या निवाड्याचा भाग आहे.

खरी फसगत होते ती ‘रस्ता झाला की कोंडी सुटणारच’ अशा वाक्यांनी. ऐकायला तथ्य वाटतं, पण आहे ते भाकीत. आज तासाला किती गाड्या जातात, त्यातल्या किती नव्या रस्त्याने वळतील, हे कोणी आणि कधी मोजलं? ‘रस्ता झाला तर आसपासच्या विहिरी आटतील’ म्हणणाऱ्यालाही हेच विचारायचं. टेकडी वाचावी असंच मला वाटतं, पण आपल्या बाजूच्या माणसाला असा प्रश्न विचारायला लोक कचरतात, ते मला फार खुपतं.

मेट्रोचं उदाहरण घ्या. 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज टप्पा सुरू झाला, यावर वाद नाही. ‘त्यापेक्षा पीएमपीच्या बस वाढवायच्या होत्या’ हे मत. ‘मेट्रोमुळे कर्वे रस्त्यावरची गर्दी घटली’ हे मात्र तपासायला हवं, आणि तपासताना तुलनेचं वर्ष बघा. 2021 मध्ये कोविडचे निर्बंध होते. ते वर्ष धरलं तर गर्दी वाढलेलीच दिसणार.

आकडा खोटा निघाला की ‘हे माझं वैयक्तिक मत आहे’ म्हणून सुटणाऱ्यांना सोडू नका. चुकीचा आकडा चुकीचाच राहतो, त्याचं मत होत नाही.

पालिकेकडची माहिती हवी असेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. 10 रुपये शुल्क, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात एकच विषय ठेवा. ‘हा रस्ता उपयोगी आहे का?’ असं विचारू नका, त्यावर मत बनवून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. ‘वाहतूक सर्वेक्षणाच्या अहवालाची प्रत द्यावी’ असं लिहा.