तुमचे प्रश्न : मुलं कॉलेजला निघाली, खर्चाचं काय करायचं?

ताई नमस्कार. आम्ही बार्शीचे, ओबीसी. मुलीचा कॅप राउंडमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पुण्यातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागलाय. मुलींना फी माफ आहे असं सगळे म्हणतात पण कॉलेज म्हणतंय आधी पूर्ण भरा, नंतर परत मिळेल. मिस्टरांचं छोटं किराणा दुकान आहे, एकदम एवढे पैसे आणायचे कुठून? – एक आई, बार्शी

ताई, सगळ्यात आधी लेकीचं अभिनंदन! आता फीचं. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे, त्यात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक कोर्सेसची 100 टक्के ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ केलीय, अट अशी की घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, अभिमत विद्यापीठांना पण नाही. तुमच्या मुलीचा नंबर कॅपमधून लागलाय म्हणजे मोठी अट पूर्ण झाली. पात्र मुलींकडून ही फी प्रवेशाच्या वेळी घेऊ नका अशा सूचना शासनाने कॉलेजांना दिल्यात, त्यामुळे घाबरू नका, शासन निर्णयाची प्रिंट घेऊन जा आणि "आम्हाला जे काही सांगायचं ते लेखी द्या" एवढं शांतपणे म्हणा. तरी ऐकलं नाही तर तंत्रशिक्षणच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात अर्ज द्या. नातेवाईकांकडून उसने घेऊन भरून टाकू असं प्लीज करू नका, ते पैसे कधी हातात येतील याचा काही भरवसा नसतो.

कागदपत्रांचं आजच बघा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर (मुदत संपलेली नाही ना ते बघा, 31 मार्चला संपते), जात पडताळणी, डोमिसाईल. आणि मुलीचं बँक खातं आधारला लिंक आहे का ते बँकेत जाऊन विचारा, कारण महाडीबीटीचे, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून येणारे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात आणि कित्येक मुलांचे तिथेच अडकतात. फॉर्म दरवर्षी रिन्यू करावा लागतो, सेकंड इयरला विसरलं की त्या वर्षीचं गेलं. तारखा मुलीलाच लिहून ठेवायला सांगा, हे काम तिचं असू दे.

आणि एक गोष्ट कुणी स्पष्ट सांगत नाही म्हणून मी सांगते, फी माफ म्हणजे शिक्षण फुकट नाही. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे सगळं तुमच्याच खिशातून. पुण्यात साधी मेस लावली तरी महिन्याला साधारण तीन साडेतीन हजार जातात, कॉट बेसिसवर (रूममध्ये एका खाटेपुरती जागा) राहिली तर डिपॉझिट वेगळं, ब्रोकर असेल तर त्याचं वेगळं, शिवाय गादी, बादली, बसचा पास, जर्नल्स, सणाला घरी येण्याजाण्याची तिकिटं. म्हणून आधी कॉलेजच्या हॉस्टेलला अर्ज करा. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, 1955 पासून खेड्यापाड्यातल्या मुलामुलींची कमी खर्चात राहण्याजेवणाची सोय करते, तिथे पण चौकशी करा. वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना महाडीबीटीवरच दिसेल, पात्र असाल तर तोही फॉर्म भरा. लॅपटॉप मात्र लगेच घेऊ नका, पहिल्या सेमला कॉलेजची लॅब असते, सीनिअर्सना विचारून कुठला लागतो ते कळल्यावर घ्या.

मुलाला बीटेकला खाजगी विद्यापीठात पाठवतोय, चार वर्षांचे राहण्याखाण्यासकट बारा लाख होतील. एक एकर विकावं की कर्ज काढावं? – एक शेतकरी बाप, लातूर जिल्हा

दादा, जमीन विकायची घाई नको. एकदा गेलेली जमीन परत येत नाही आणि मुलाच्या मनावर पण तिचं ओझं बसतं. शैक्षणिक कर्जाचं असं असतं की 4 लाखांपर्यंत खर्चातला काही भाग तुमच्या खिशातून घाला असं बँक म्हणत नाही, साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे काही तारण लागत नाही, आणि हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केलीय, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असतानाच्या काळात व्याजात 3 टक्के सवलत मिळते. पण ही योजना ठराविक दर्जेदार संस्थांनाच आहे, तेव्हा मुलाचं विद्यापीठ त्या यादीत आहे का हे योजनेच्या पोर्टलवर बघितल्याशिवाय प्रवेश पक्का करू नका.

एक हिशोब मात्र करा. 6 लाख कर्ज, व्याज 10 टक्के धरलं तर वर्षाचं व्याज 60 हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार. शिकत असताना जमेल तेवढं व्याज भरत गेलात तर नंतर हप्ता हलका पडतो. आणि हा हिशोब मुलासमोर बसून करा दादा, त्याच्या पाठीमागे नको. आपल्याकडे आईबाप पोटाला चिमटा काढतात पण पोराला आकडा सांगत नाहीत, त्याला टेन्शन नको म्हणून, आणि मग त्याला पैशाची किंमत कशी कळणार! अठरा वर्षांचा मुलगा कर्जाच्या कागदावर सही करणार आहे, मग त्याला सगळं माहीत असायला हवं. तो स्वतः म्हणाला की कॅपमधलं जवळचं सरकारी कॉलेज चालेल, तर तेही मनापासून ऐका.

ताई मी फर्स्ट इयरला आहे नाशिकला. घरून महिन्याला सहा हजार येतात, वीस तारखेलाच संपतात. मित्रांबरोबर बाहेर जेवण, कुणाचा बड्डे, नाही म्हणता येत नाही. घरी सांगायची लाज वाटते. एका ॲपवरून तीन हजार कर्ज घेतलंय. – नाव नको

अरे बाळा, आज संध्याकाळीच घरी फोन कर. ओरडतील, ओरडू देत, पण त्या ॲपचं व्याज आणि दंड तुझ्या लाजेपेक्षा फार वेगाने वाढतो. ते आधी फेड, ॲप काढून टाक, तुझे कॉन्टॅक्ट्स, फोटो वगैरे परमिशन बंद कर, आणि कुणी धमकीचे फोन केले तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार कर, एकटा सहन करत बसू नकोस.

पुढच्या महिन्यापासून पैसे आले की मेस आणि रूमचे त्याच दिवशी देऊन टाक, उरलेले चार आठवड्यांत वाटून घे. यूपीआयने दहा दहा रुपये कधी गेले ते कळतच नाही म्हणून आठवड्याचे पैसे रोख काढून बघ. बड्डेला "या महिन्यात माझं बजेट नाही रे" एवढं बोल, खरे मित्र असतील ते राहतात, आणि ग्रुपमध्ये अजून दोघांची हीच अडचण असणार, कुणी बोलत नाहीये इतकंच. तुझं कॉलेज पुणे विद्यापीठाखाली येत असेल तर कमवा व शिका योजना आहे का ते ऑफिसात विचार, लायब्ररी किंवा ऑफिसात दिवसाचे काही तास काम असतं, अभ्यास सांभाळून होतं. आणि घरी फोन केलास की मला परत लिही, काय झालं ते.