वाचकांचे प्रश्न : व्हेक्टर रेषा, तंबोरा आणि मोफत ॲनिमेशन

प्रश्न : मी मिरजेतील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. तंबोऱ्याची ओळख करून देणारी छोटी ॲनिमेशनफीत मुलांसाठी तयार करावी, म्हणून सिन्फिग स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेतले. कागदावर सहज जमणारा भोपळ्याचा आकार येथे मात्र खडबडीत येतो आणि हलवू लागले की भलतीकडेच वाकतो. शिकवणारे व्हिडिओ इतके आहेत की सुरुवात कोठून करावी तेही कळत नाही. सोबत चित्र पाठवत आहे.
— एक शिक्षिका, मिरज

उत्तर : आपण पाठवलेल्या चित्रात भोपळ्याच्या कडेवर बिंदूंची दाटी झालेली दिसते आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे. आपण ड्रॉ टूल घेऊन पेन्सिलीने काढावा तसा आकार काढलेला आहे. व्हेक्टर चित्रात काही मोजके बिंदू आणि प्रत्येक बिंदूतून रेषा कोणत्या दिशेने व किती ताणाने बाहेर पडते हे सांगणाऱ्या स्पर्शिका एवढेच साठवले जाते. त्यांवरून सॉफ्टवेअर रेषा दर वेळी नव्याने आखते, म्हणून चित्र कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत. मात्र मुक्तहस्ताने काढताना हाताची बारीकशी थरथरसुद्धा स्वतंत्र बिंदू होऊन बसते, आणि दोन वेपॉइंटमधली (म्हणजे काळपट्टीवर आकाराची स्थिती नोंदलेल्या दोन क्षणांमधली) हालचाल सिन्फिग बिंदूगणिक मोजत असल्यामुळे असा प्रत्येक अनावश्यक बिंदू आकाराला आपल्या बाजूला ओढतो.

तेव्हा तो आकार पुसून टाकावा आणि स्प्लाइन टूल घ्यावे. भोपळ्याला चार बिंदू पुरतात : एक माथ्यावर, एक तळाशी आणि दोन बाजूंच्या सर्वांत फुगीर जागी. माथ्याच्या व तळाच्या स्पर्शिका आडव्या आणि बाजूंच्या उभ्या ठेवल्या की गोलाई आपोआप येते. त्यानंतर बिंदू न वाढवता केवळ स्पर्शिकांची लांबी कमीजास्त करून फुगवटा साधावा. टूलच्या पर्यायांत रीजन आणि आउटलाइन हे दोन्ही निवडले तर रंगाचा भाग आणि कडेची रेषा एकदमच तयार होतात व त्यांचे बिंदू एकमेकांना जोडलेले राहतात, त्यामुळे पुढे एक हलवला की दुसरा मागे राहत नाही.

तारेचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. छेडलेली तार सेकंदाला शेकडो वेळा कंप पावू शकते आणि आपली फीत सेकंदाला बहुधा 24 चौकटींचीच असते, म्हणून तारेचे खरे आंदोलन चौकटीगणिक दाखवणे शक्यच नसते. प्रत्यक्षातही डोळ्यांना दिसतो तो एक पुसट, मधोमध रुंद झालेला पट्टाच. सिन्फिगमध्ये आउटलाइनच्या प्रत्येक बिंदूला स्वतःची जाडी देता येते, आणि हा गुण येथे फार उपयोगी पडतो. घोडीपासून दांडीच्या वरच्या टोकापर्यंत तीन बिंदूंची सरळ रेषा काढावी, टोकांची जाडी अगदी कमी ठेवावी आणि छेडण्याच्या क्षणी मधल्या बिंदूची जाडी वाढवून रेषेची अपारदर्शकता उतरवावी. नाद जसा विरतो तशी ती जाडी पुढच्या वेपॉइंटपर्यंत हळूहळू मूळ पदावर आणावी. मुलांना कंपन म्हणजे काय ते यातून चांगले समजेल, असे मला मनापासून वाटते.

शिकण्याच्या साधनांबाबत माझे मत असे आहे की एकच मालिका धरावी आणि ती शेवटपर्यंत न्यावी, कारण दहा ठिकाणचे अर्धवट व्हिडिओ पाहून हाताला वळण लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात इंकस्केप (स्थिर व्हेक्टर चित्रे काढण्याचे मोफत सॉफ्टवेअर) आणि सिन्फिग या दोहोंवर मोफत धडे आहेत; धडा थांबवत थांबवत सोबत कृती करावी अशाच बेताने ते तयार केलेले असतात आणि निवेदनाची संहिताही दिलेली असते. आपण इंकस्केपचे धडे आधी करावेत, कारण बिंदू व स्पर्शिका हाताळण्याची सवय तेथे हालचालीचे ओझे नसताना होते. सिन्फिग 2005 मध्ये मुक्त सॉफ्टवेअर म्हणून खुले झाले आणि तेव्हापासून त्यात बरेच बदल झाले आहेत, म्हणून धडा कोणत्या आवृत्तीवर ध्वनिमुद्रित केला आहे ते आधी पाहावे. अन्यथा धड्यातले बटण पडद्यावर शोधण्यात तास जातो.

प्रश्न : पेन्सिल टूडी या मोफत ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टर स्तरावर रंग भरताना बादली काही आकारांत कामच करत नाही.
— एक विद्यार्थी, विटा

उत्तर : आकार पूर्ण बंद झालेला नसणार. चित्र मोठे करून रेषांची टोके जेथे मिळायला हवीत त्या जागा तपासाव्यात आणि टोक ओढून दुसऱ्या रेषेला चिकटवावे. रंगकाम पुष्कळ असेल तर ओपनटून्झ शिकणे श्रेयस्कर ठरेल. स्टुडिओ जिब्ली या जपानी ॲनिमेशन संस्थेने वापरलेल्या टून्झ या सॉफ्टवेअरवर आधारलेले हे सॉफ्टवेअर 2016 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यातील टेप टूलने रेषांमधल्या फटी सांधता येतात, आणि रंग पॅलेटशी बांधलेले असल्यामुळे पात्राच्या सदऱ्याचा रंग एकदा बदलला की सगळ्या चित्रांत बदलतो. सुरुवातीला ते अवघड वाटेल, पण लांब फितीसाठी तेवढे कष्ट घेण्यासारखे आहेत.

प्रश्न : इंकस्केपमधील चित्र आणि मराठी अक्षरे सिन्फिगमध्ये नेता येतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : येतात. इंकस्केपमधून सिन्फिगच्या स्वरूपात फाइल जतन करण्याची सोय आहे. जोडाक्षरे बिघडू नयेत म्हणून मजकूर निवडून ऑब्जेक्ट टू पाथ हा आदेश आधी द्यावा, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अडत नाही. मात्र नंतर शुद्धलेखन सुधारता येणार नाही, म्हणून मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवावी. जे भाग स्वतंत्रपणे हलवायचे आहेत त्यांचे गटही इंकस्केपमध्येच पाडून घ्यावेत.